भूमिपूजनाचं पॅकेज: खड्डा-मंडप चोख, कोनशिला कच्ची

महापालिकेच्या नव्या इमारतीसारख्या सरकारी भूमिपूजनाचं सगळं काम एकहाती घेणारे पंचवटीतले हे मंडपवाले. जमिनीच्या कामात त्यांना तोड नाही. नाशिकच्या काळ्या मातीवर थेट कार्पेट टाकलं, तर एक सर येताच खुर्च्यांचे पाय रुततात. हे आधी चार इंच मुरूम पसरतात, पाणी मारून धुमसाने चोपतात, मगच मंडप.

खड्डा ईशान्येला, अडीच बाय अडीच फूट, आदल्या संध्याकाळीच खणलेला. खाली बऱ्याचदा कातळ लागतो. पाहुण्यांनी त्यावर कुदळ मारली की ती उसळते आणि कपच्या उडतात. म्हणून खड्ड्यात भुसभुशीत माती परत भरून ठेवतात, पहिल्याच घावाला कुदळ रुतते. दांडा रात्रभर भिजवून फुगवलेला, वर पाचर ठोकलेली. एवढी काळजी क्वचितच कुणी घेतं.

पूजेच्या साहित्यात कलश, सप्तधान्य, पंचरत्नं, चांदीचा नाग, काहीच कमी पडत नाही. पाहुण्यांना उशीर होणार हे धरून गुरुजी संकल्प, गणेशपूजन, पुण्याहवाचन आधीच उरकतात. कुदळ आणि नारळ तेवढा पाहुण्यांसाठी राहतो. साउंड ठीक.

गाडी अडते ती कोनशिलेवर. राजशिष्टाचाराप्रमाणे नावांचा क्रम कार्यालयाकडून शेवटपर्यंत बदलत राहतो, आणि हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'ओके'वर ग्रॅनाइट कोरायला देतात. कोरलेलं अक्षर पुसता येत नाही. मग वर व्हिनाइलची पट्टी चिकटते आणि उन्हात तिच्या कडा सुटतात. सही-शिक्क्याचं प्रूफ हाती आल्याशिवाय कोरायला देऊच नका. चौथराही आदल्या दिवशी बांधतात. सिमेंट ओलंच, त्यामुळे पडदा ओढताना पाटी हलते. निदान तीन दिवस आधी बांधून रोज पाणी मारायला हवं. पडद्याची दोरीही कप्पीवरून न नेता नुसत्या कड्यांतून ओवतात, म्हणून मध्येच अडकते.

निवडणुकीची आचारसंहिता लागून कार्यक्रम लांबला, तर अ‍ॅडव्हान्स पुढच्या तारखेला वळता करून देतात. मात्र हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. मंडप, खड्डा, पूजा यांच्याकडेच द्यावी. कोनशिला थेट दगडवाल्याकडून करून घ्यावी आणि तेवढी रक्कम पॅकेजमधून वजा करायला लावावी.