चेकबुक न मागवता काढलेले अकरा महिने

चेकबुकातलं शेवटचं पान अकरा महिन्यांपूर्वी फाडलं आणि नवीन चेकबुक मागवलंच नाही. तेव्हापासून घरभाडं, विम्याचा हप्ता, मुलीची फी, सुताराची मजुरी असं सगळं देणं फोनवरून किंवा बँकेच्या संकेतस्थळावरून चालू आहे.

निमित्त झालं ते परत आलेल्या एका चेकचं. भाड्याचा चेक होता, खात्यात पैसेही होते. पण खातं उघडताना दिलेली सही आणि आताची सही जुळत नाही, असा शेरा मारून बँकेने तो परत पाठवला. वीस वर्षांत हाताचं वळण बदलतंच. दंड भरला, घरमालकांना फोन करून माफी मागितली आणि आठवडाभर मनाला लागून राहिलं. आपल्या नावावर असा डाग नको, एवढ्याचसाठी मी हा बदल केला.

सोयीबद्दल फार लिहीत नाही, ती दुसऱ्याच महिन्यात अंगवळणी पडते. भाडं आणि हप्ता ठरलेल्या तारखेला आपोआप जातात, त्यामुळे ‘चेक मिळाला का, वटला का’ हे फोन बंद झाले.

जास्त विचार करायला लावलं ते मधल्या दिवसांनी. चेक दिला की तो वटेपर्यंत काही दिवस जायचे आणि तेवढे दिवस पैसे आपल्याच खात्यात असायचे. कित्येक घरांचा महिनाअखेर त्या चार दिवसांवर तरायचा. पूर्वी तो कागद खरोखर प्रवास करायचा. अमेरिकेत सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर विमानं जमिनीवर थांबली, तेव्हा विमानाने जाणारे चेकचे गठ्ठेही अडकून पडले. पुढे 2003 मध्ये तिथे कायदा झाला आणि मूळ कागदाऐवजी चेकच्या प्रतिमेवरून काम चालवण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे उरलेले चेकसुद्धा आता बरेचसे चित्र म्हणूनच फिरतात. युरोपीय संघाच्या तत्काळ हस्तांतरणात तर पैसे 10 सेकंदांत पोचले पाहिजेत, असा नियम आहे.

पण पैसे दहा सेकंदांत जात असतील, तर चूकही दहा सेकंदांतच होते. चौथ्या महिन्यात सुताराचा खाते क्रमांक टाकताना माझ्याकडून दोन आकडे उलटसुलट झाले आणि पूर्ण रक्कम एका अनोळखी खात्यात गेली. चेकवर नाव लिहिलेलं असतं आणि तो वटण्याआधी ‘पैसे देऊ नका’ असं बँकेला कळवता येतं. इथे बँकेने सांगितलं की समोरच्याची संमती मिळाल्याशिवाय रक्कम परत घेता येणार नाही. एकोणीस दिवसांनी पैसे आले. ज्याच्या खात्यात गेले होते त्या माणसाने प्रामाणिकपणे होकार दिला म्हणूनच आले. त्याचं नाव मला कधी कळलं नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून नव्या खात्यात मी आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवते, फोन करून ‘पोचली का’ विचारते आणि मगच बाकीची देते. खाते क्रमांक टाकल्यावर खातेदाराचं नाव पडताळून दाखवणारी सोय असेल, तर ती कधीही वगळू नका. ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी 2020 मध्ये ती आणली आणि युरोपीय संघात ऑक्टोबर 2025 पासून युरोक्षेत्रातल्या बँकांना ती बंधनकारक झाली. तुमच्या बँकेत नसेल तर जरूर मागा.

कागद जास्त सुरक्षित, हे म्हणणं मात्र मला पटत नाही. चेकवर आपलं नाव, खाते क्रमांक आणि सही असं सगळंच असतं, आणि आपण तो ज्याच्या त्याच्या हातात देतो. टपालातून चेक चोरायचा, रसायनाने शाई धुवायची आणि नवं नाव, नवी रक्कम घालायची, हा प्रकार अमेरिकेत आजही मोठी डोकेदुखी आहे. फोनवरची फसवणूक वेगळी असते. तिथे घाबरवून किंवा भुलवून आपल्याच हाताने पैसे पाठवायला लावतात. अशा बऱ्याच प्रकरणांत ग्राहकाला भरपाई देणं ब्रिटनने ऑक्टोबर 2024 पासून बंधनकारक केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हिशेबाच्या बाबतीत मी सुरुवातीला गाफील राहिले. आधी महिन्याला सहा-सात चेक जायचे, आता नव्वदच्या वर व्यवहार होतात. काउंटरफॉइलवर तारीख, नाव, कारण लिहिता लिहिता खर्च डोळ्यांखालून जायचा. खात्याच्या उताऱ्यात नुसते आकडे आणि अगम्य संक्षेप असतात. तीन महिने पैसे कुठे जातात तेच कळेना. आता प्रत्येक वेळी शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिते आणि मोठी रक्कम असेल तर वहीत नोंदवून एक रात्र थांबते.

आणि बाबा. ते 79 वर्षांचे आहेत. तीन महिने त्यांनी मनापासून ॲप शिकायचा प्रयत्न केला. पण चष्मा सावरून संदेशातला आकडा वाचेपर्यंत त्याची मुदत संपायची आणि दर वेळी त्यांचा चेहरा पडायचा. ‘तू माझ्या फोनवरून करून टाक’ असं ते म्हणाले, पण मी नकार दिला. पैसे त्यांचे आहेत, व्यवहारही त्यांच्याच हातात राहायला हवा. शेवटी आम्ही ठरवलं की दरमहाची ठरलेली देणी आपोआप जातील आणि बाकीचे चेक ते स्वतः लिहितील.

ब्रिटनमध्ये 2018 पर्यंत चेक बंद करायचं 2009 मध्ये ठरलं होतं. वृद्धांच्या आणि छोट्या संस्थांच्या बाजूने एवढा आवाज उठला की 2011 मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. न्यूझीलंडच्या मोठ्या बँकांनी 2021 पर्यंत चेक थांबवलेही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने सप्टेंबर 2025 अखेर कागदी चेकने पैसे देणं बहुतांशी बंद केलं, पण बँकेची सोय नसलेल्यांसाठी अपवाद ठेवले. असे अपवाद हवेतच. चेक कमी व्हायला माझी हरकत नाही, पण बाबांसारख्या माणसाला तितकाच वापरता येईल असा पर्याय हातात देण्याआधी चेक काढून घेऊ नये.

मी पुन्हा चेककडे वळणार नाही. बँकेला मात्र लेखी विनंती केली आहे: नव्या खात्यात पहिल्यांदा मोठी रक्कम पाठवली, तर ती एक तास थांबवून ठेवण्याचा आणि तेवढ्या वेळात रद्द करण्याचा पर्याय द्या. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिणार आहे.