‘पचिंको’ : चार वर्षे लांबलेले वाचन

मिन जिन ली यांची ‘पचिंको’ ही इंग्रजी कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मी ती २०२१ मध्ये विकत घेतली आणि बडोद्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ती चार वर्षे कपाटातच राहिली. दोनदा वाचायला घेतली, पण पाचशेच्या आसपास पाने आणि अपरिचित कोरियन नावे यांमुळे कोण कोणाचे हे लक्षात राहीना आणि वाचन थांबले. या जूनमध्ये मात्र नात्यांचा तक्ता कागदावर मांडून घेतला, रोज रात्री पाच-सहा पाने वाचली आणि सप्टेंबरअखेर ती पूर्ण केली.

जपानने १९१० साली कोरिया आपल्या राज्यास जोडला, तेथून सुरू होणारी ही कथा १९८९ पर्यंत येते. बुसानजवळच्या येओंगदो बेटावरील सुंजा १९३३ मध्ये, पाद्री असलेल्या इसाकशी लग्न करून ओसाकाच्या इकाइनो वस्तीत जाते. इसाकला अटक झाल्यावर ती किमची (आंबवलेल्या कोबीचे तिखट कोरियन लोणचे) विकायला बाजारात उभी राहते, तो भाग मी तीनदा वाचला. घरच्या बायकांनी पैसे मिळवू नयेत हा दीर योसेबचा हट्ट, कोबीचा भाव, पहिल्या गिऱ्हाइकापूर्वीचा संकोच हे सारे लेखिकेने इतक्या सबुरीने लिहिले आहे की गरिबीविषयी वेगळे भाष्य करण्याची गरजच तिला पडत नाही.

माझे पणजोबा गायकवाडांच्या चाकरीसाठी साताऱ्याहून येथे आले, म्हणून ही आपल्याच घराची गोष्ट वाटेल अशी माझी समजूत होती. ती खरी ठरली नाही. आम्हाला आजही कोणी मूळ गाव विचारते, पण येथे जन्मल्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न कधी आला नाही. जपानमधील कोरियन लोकांचे जपानी नागरिकत्व मात्र १९५२ मध्ये गेले, आणि म्हणूनच जपानमध्येच जन्मलेल्या सुंजाच्या नातवाला, सॉलोमनला, चौदाव्या वाढदिवशी परदेशी म्हणून बोटांचे ठसे द्यावे लागतात. ते प्रकरण वाचून मी त्या रात्री पुढे वाचू शकले नाही.

तिसरा भाग मला उणा वाटला. वर्षे भराभर उलटतात, काही मृत्यू एका वाक्यात उरकतात आणि सुंजाच्या थोरल्या मुलाच्या, नोआच्या, मनात शिरायला हवे तेथेच लेखिका दूर राहते. तरीही मधला भाग त्यासाठी सोडू नये. प्रत सध्या आतेबहिणीकडे आहे. नात्यांचा तक्ता पहिल्या पानात ठेवूनच ती दिली आहे.