ऑपरेशननंतरचं दुखणं आणि मोबाइलवरची मदत: आठ महिन्यांचा अनुभव

स्तनाच्या कॅन्सरसाठी उजवा स्तन काढला, काखेतले लिम्फ नोडही (लसिकेच्या छोट्या गाठी) काढले, आणि तिसऱ्या दिवशी मी घरी आले ती कुशीला ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी, नळी घेऊनच. निघताना सिस्टरनी माझ्या मोबाइलवर एक लिंक उघडून दिली. रोज दुखण्याची नोंद, व्यायामाचे व्हिडिओ, नर्सला मेसेज करायची सोय आणि आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टशी व्हिडिओ कॉल, असं सगळं त्यात होतं. आठ महिने मी ते वापरतेय. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

रोज सकाळी विचारायचे, ० ते १० मध्ये दुखणं किती? पहिले चार दिवस मी ३ लिहिलं. खोटं नव्हतं ते. हात पोटाशी धरून, उशीला टेकून बसलं की तेवढंच दुखायचं. पाचव्या दिवशी नर्सचा मेसेज आला: "ताई, बसल्या जागी किती आणि हात खांद्यापर्यंत उचलताना किती, दोन्ही वेगवेगळं लिहा. खोकताना किती तेही लिहा." हात उचलताना ७ निघालं! दुखेल म्हणून मी हात हलवतच नव्हते आणि म्हणून आकडा कमी येत होता. असाच धरून ठेवला असता तर खांदा आखडला असता. तिने सांगितलं की सध्या गोळी ठरल्या वेळी घ्या, कळ असह्य होईपर्यंत थांबू नका आणि व्यायाम गोळीनंतर पाऊण तासाने करा. दोन दिवसांत मला नीट खोल श्वास घेता यायला लागला.

तिच्यामुळेच आणखी एक चूक वेळेत सापडली. पॅरासिटामॉल चालू असताना मी सर्दीची गोळीही घेत होते आणि तिच्यातही पॅरासिटामॉल असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर ते जायला नको, लिव्हर कमजोर असेल तर त्याहूनही कमी. "आणखी कुठल्या गोळ्या घेता?" हा प्रश्न नोंदीत होता म्हणून कळलं.

खरा त्रास मात्र ड्रेन काढल्यावर सुरू झाला. जखम भरत आली होती, सगळे म्हणत होते आता बरं वाटेल. आणि दंडाच्या आतल्या बाजूला विचित्र जळजळ सुरू झाली. नोंदीत सौम्य, मध्यम, तीव्र एवढेच पर्याय. यातला कुठला लिहायचा? शेवटी खालच्या रिकाम्या चौकटीत मी लिहिलं, "हुळहुळतं. मधूनच करंट बसल्यासारखी सणक येते. चिमटा काढला तर कळत नाही, पण बाही नुसती घासली तरी जीव जातो." दोन तासांत डॉक्टरांचा कॉल आला. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी संवेदनेची नस नोड काढताना ताणली किंवा कापली जाऊ शकते. हे दुखणं त्या नसेचं, त्याला साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा पुरत नाहीत. मला रात्री गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध सुरू केलं आणि ते मनाने एकदम बंद करायचं नाही असं बजावलं. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू आहे का हेही आधी विचारलं, कारण नसांच्या दुखण्यावर देतात त्यातल्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतात. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, नुसता आकडा देऊन थांबू नका. ठणका आहे, ओढ लागते, मुंग्या येतात की आग होते, जसं असेल तसं आपल्या शब्दांत लिहा. माझं औषध त्या तीन ओळींमुळे बदललं.

गोळीच्या जोडीला स्पर्शाची सवय करायला सांगितली. दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं. आधी कापसाचा बोळा, आठवड्याने मऊ सुती कापड, मग टॉवेल. पहिल्या दिवशी कापूस टेकवला आणि डोळ्यांत पाणी आलं. टॉवेलपर्यंत पोचायला मला पाच आठवडे लागले.

मध्येच काखेपासून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी दिसायला लागली. मी घाबरून व्यायाम बंद केला. व्हिडिओ कॉलवर फिजिओ म्हणाल्या, "कॅमेऱ्यासमोर हात बाजूने वर घ्या, उजेडाकडे वळा." त्यांनी पाहताक्षणी ओळखलं. याला कॉर्डिंग म्हणतात, नोड काढल्यावर बऱ्याच जणींना होतं आणि हलका ताण देत राहिलं तर बहुतेकींचं काही महिन्यांत जातं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम त्यांनी माझ्याबरोबर स्वतः केला. नऊ आठवड्यांनी माझी दोरी गेली.

आता उणिवा. तिसऱ्या आठवड्यात रात्री काखेखाली फुगवटा आला. मेसेज केला तर आपोआप उत्तर आलं, २४ तासांत संपर्क करू. मी सकाळीच हॉस्पिटलमध्ये गेले. आत पाणी साठलं होतं, सुईने काढलं. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर गेला, जखम लाल झाली, हात सुजला तर मेसेजच्या उत्तराची वाट बघू नका, सरळ फोन करा. आणि श्वास लागला तर तडक इमर्जन्सीत जा. हे त्यांनी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. व्हिडिओतले सगळे व्यायाम डाव्या बाजूचे, मला रोज मनात उलटं करून बघावं लागायचं.

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे सहा आठवडे झाले आणि रोजची नोंद बंद झाली. या ऑपरेशननंतरचं दुखणं तीन महिन्यांच्या पुढेही टिकू शकतं, हे त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. मग नेमकं तेव्हाच एकटं का सोडायचं? मी दोनदा लेखी विनंती केली, तेव्हा आठवड्याला एक नोंद पुन्हा सुरू झाली. ती नसती तर रेडिएशननंतर छाती आवळल्यासारखी झाली ते मी अंगावरच काढलं असतं.

या आठवड्याची माझी नोंद: बसल्या जागी ०, हात पूर्ण वर ताणल्यावर २. दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे. गॅबापेंटिन डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी होतंय. तुम्हाला अशी सोय मिळत असेल तर घरी जायच्या आधीच दोन गोष्टी विचारून घ्या: रात्री उत्तर कोण देतं, आणि सहा आठवड्यांनंतर नोंद चालू ठेवायची असेल तर कुणाला लिहायचं.