सेकंडहँड बेस गिटार बघायला जाताय? खिशात स्टीलपट्टी ठेवा

गणपतीच्या आधी महिना-दोन महिने कोल्हापुरात जुनी वाद्यं विकायला निघतात. ऑर्केस्ट्रावाल्यांच्या सुपाऱ्या ठरायला लागतात, कुणाला कीबोर्ड हवा असतो, कुणाला बेस. ज्यांच्या घरी काही धूळ खात पडलेलं असतं ते मोबाईलवर फोटो टाकतात. त्यातले बरेच जण सरळ असतात. आम्हाला भेटला तो सरळ नव्हता, आणि त्याचं काम इतकं पद्धतशीर होतं की इथं सविस्तर लिहितोय. अठरा हजार बेसचे गेले, वर सेटअपच्या (मान, तारांची उंची, सूर जागेवर बसवून देण्याच्या) नावाखाली पंधराशे.

बेस घ्यायचा होता भाच्याला. राजारामपुरीतल्या पोरांचा ग्रुप आहे, त्यात तो वाजवतो; इतके दिवस मित्राचा मागून आणून भागवत होता. माझं उद्यमनगरात छोटं शॉप आहे, लेथ आणि ड्रिलवर जॉबवर्क चालतं, आणि कॉलेजात असताना गिटार वाजवलेली. त्यामुळं "मामा, तू चल की संगट" असं झालं.

विकणारा रंकाळ्याच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहत होता. नोकरीसाठी बाहेर चाललोय, नाहीतर हा हातचा सोडला नसता, वगैरे. चहा दिला. बेस दिसायला झकास, डोक्यावर (खुंट्या असतात त्या टोकाला) मोठ्या कंपनीचं नाव, बॉडीवर ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) मागं एका बँडचं मोठं काळं स्टिकर. त्यानं आधी स्वतः वाजवून दाखवला, छोट्या ॲम्पवर. चांगलं वाजवत होता गडी. खालच्या, म्हणजे डोक्याकडच्या, चार-पाच फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर) फिरत होता, आणि बेसवाले बहुतेक वेळ तिथंच असतात, त्यामुळं त्यात काही खटकलं नाही.

भाच्यानं हातात घेऊन वर बाराव्या फ्रेटपर्यंत मजल मारली तेव्हा सूर चढलेला वाटला. त्यानं तसं बोलून दाखवलं. समोरचा शांत. "तारा मेल्यात रे भावा. जुन्या तारांवर इंटोनेशन बसतच नाही. नवा सेट टाक, मग बघ." तारा फार उंचावर होत्या, दाबायला जोर लागत होता. त्यावर, "पावसाळ्यात नेक हलते, वर्षातून एकदा सेटअप करावाच लागतोय." मी स्टिकरला नख लावलं तर म्हणाला, "काढू नका दादा, खालचं पॉलिश निघून यील."

या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जुन्या तारांवर मळ साचतो, त्या सगळीकडं सारख्या जाड राहत नाहीत आणि बाराव्या फ्रेटवर खरंच खोटा सूर देतात. कोल्हापूरच्या पावसात लाकूड ओल धरतं आणि मानेचा, म्हणजे नेकचा, बाक बदलतो. जुनं स्टिकर ओढलं की पॉलिश जाऊ शकतं. या माणसाची सगळी कला त्यातच होती. त्यानं खोटं असं फारसं काही सांगितलंच नाही. दर शंकेला एक खरं कारण त्याच्याकडं तयार होतं, फक्त ते या बेसचं कारण नव्हतं. जाणकार माणूस अशा बोलण्याला लवकर मान डोलावतो, कारण त्याला ते कारण ठाऊक असतं.

पैसे यूपीआयनं दिले. निघताना त्यानंच सेटअपवाल्याचा नंबर दिला: "आपलाच माणूस हाय, माझं नाव सांगा."

हा दुसरा माणूस लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात बसतो. आम्ही तारांचा ४५ ते १०५ गेजचा (गेज म्हणजे जाडी) नवा सेट नेऊन दिला. दोन दिवसांनी बोलावलं. टेबलावर फोन ठेवलेला, त्यात ट्यूनरचं ॲप. त्यानं ई तार, म्हणजे सगळ्यात जाड, बाराव्या फ्रेटवर दाबली, छेडली, फोनचा पडदा हिरवा, म्हणजे सूर बरोबर. ए, हिरवा. डी, जी, सगळं हिरवं. "बसलं बघा इंटोनेशन." पोरगं खूश. पंधराशे रुपये दिले आणि घरी आलो.

आता यातली चलाखी बघा. इंटोनेशन म्हणजे बारावा फ्रेट हिरवा दिसणं नव्हे. मोकळी (न दाबता छेडलेली) तार आणि तिचाच बाराव्या फ्रेटवरचा स्वर यांच्यात बरोबर एका सप्तकाचं अंतर असलं पाहिजे. आधी मोकळी तार सुरात लावायची, मग बारावा फ्रेट तपासायचा. त्यानं उलटं केलं होतं. बारावा फ्रेट हिरवा येईपर्यंत मोकळ्या तारा उतरवून ठेवल्या, आणि मोकळी तार आमच्यासमोर एकदाही वाजवली नाही. घरी मोकळ्या तारा उतरलेल्या निघाल्या. भाच्यानं फोन केला तर उत्तर, "नव्या तारा ताणतात, उतरणारच." हेही खरंच. नव्या तारा पहिले काही दिवस उतरतातच.

भाच्यानं मोकळ्या तारा सुरात लावल्या की वरचे स्वर परत चढायचे. त्याला हे नीट सांगता येईना. सेटअपवाला म्हणाला, "कान तयार व्हायला वेळ लागतो बाळा." हे ऐकून मला जास्त राग आला. पैसे घ्यायचे ते घ्या, पण शिकणाऱ्या पोराला स्वतःच्या कानावर शंका घ्यायला लावायची, हा नीचपणा आहे. कान अगदी बरोबर होते. ग्रुपमधला कीबोर्डवाला तालमीत हेच सांगत होता: खाली असतोस तवर गोड, वर चढलास की माझ्याशी भांडतोस. कीबोर्डचा स्वर जागचा हलत नाही, त्यामुळं बेसचं खोटेपण त्याच्याशेजारी लगेच उघडं पडतं.

मग एका रविवारी बेस शॉपवर आणला. टेबलावर आडवा ठेवून स्टीलपट्टी लावली. नटच्या (डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत ४३२ मिलीमीटर, म्हणजे १७ इंच. बरोबर. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हापासून ३४ इंचाचं स्केल (नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी) बहुतेक बेसना चालत आलंय, आणि बारावा फ्रेट त्याच्या मध्यावर येतो. आता बाराव्या फ्रेटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंतही (तार टेकते त्या पुढं-मागं सरकणाऱ्या तुकड्यापर्यंत) तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच अंतर हवं. तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. ते भरून काढायला सॅडल थोडं मागं ठेवावं लागतं, जाड तारेचं जास्त, बारीक तारेचं कमी. चांगल्या लावलेल्या बेसवर ती चार सॅडल तिरकी, पायऱ्यांसारखी दिसतात.

इथं ४२४ आलं. आठ मिलीमीटर कमी. चारही सॅडल एका रेषेत, पार मागं टेकवलेली, स्प्रिंगा चेपून गेलेल्या. मागं सरकायला जागाच शिल्लक नव्हती. म्हणजे नव्या तारा टाका, ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पिळा, काहीही करा, हा बेस सुरात येणं शक्यच नव्हतं.

आकडे मांडून बघितले. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. या आठ मिलीमीटरमुळं तिसऱ्या फ्रेटवर फरक पडतो जेमतेम तीन सेंटचा, पाचव्यावर पाचचा, बाराव्यावर मात्र सोळाचा. तार दाबल्यानं चढतं ते वेगळं. ई तारेवर ट्यूनर २५ च्या आसपास दाखवत होता, जी तारेवर वीसपेक्षा कमी. विकणारा पाचव्या फ्रेटच्या खाली का रमला होता ते इथं कळतं. तिथं पाच सेंटचा फरक सहसा कानाला सापडत नाही.

स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून हळू सोलून काढलं. पॉलिशला काही झालं नाही. खाली एक फिकट पट्टा, जुन्या ब्रिजच्या पट्टीचा ठसा, आणि स्क्रूची पाच भोकं, लाकडाचा भुसा आणि गोंद भरून बुजवलेली. जुन्या भोकांतलं लाकूड फुटलं होतं, स्क्रू धरत नव्हते. ते दुरुस्त करायचं सोडून कुणीतरी नवा स्वस्तातला ब्रिज कोऱ्या लाकडात, १७ मिलीमीटर पुढं, ठोकून दिला होता. हे कुणी केलं ते सिद्ध करता येणार नाही. पण मागच्या भोकांवर बरोबर बसेल असं स्टिकर योगायोगानं लागत नाही, आणि "काढू नका" असं सांगणाऱ्याला खाली काय आहे ते माहीत असतं.

मिरजेचे एक सतारमेकर कधीकधी किरकोळ कामासाठी आमच्याकडं येतात. त्यांना दाखवलं. त्यांनी पट्टीला हातही लावला नाही, नुसतं वरून बघून म्हणाले, "घोडी पुढं आलीया ह्याची." सतारीवर पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, स्वर हलला तर पडदा अंगठ्यानं सरकवता येतो. बेसचे फ्रेट लाकडात खाच पाडून कायमचे ठोकलेले. सरकवायला हातात राहतं ते फक्त सॅडल, आणि आमची सॅडल भिंतीला लागलेली.

म्हणून वापरलेला बेस बघायला जाल तेव्हा वाजवायच्या आधी मोजा. ३४ इंची असेल तर नटपासून बारावा फ्रेट ४३२ मिलीमीटर, आणि बाराव्यापासून प्रत्येक सॅडल त्याहून दोन-पाच मिलीमीटर मागं. लहान हातांसाठी ३० इंची शॉर्ट स्केल घेत असाल तर ३८१. सॅडलच्या मागं थोडी जागा शिल्लक आहे का बघा. विकणारा "तारा जुन्या आहेत" म्हणाला तरी पट्टीवरचं माप तारांच्या वयानं बदलत नाही. ब्रिजच्या, नेकच्या जोडाच्या किंवा डोक्याच्या आसपास स्टिकर असेल तर काढायची परवानगी मागा, आणि नाही म्हणाला तर उठा.

सूर तपासायला फोनवर विसंबू नका. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, इतकं खालचं फोनच्या माईकला धड पकडता येत नाही, काटा भिरभिरत राहतो. केबलनं जोडायचा किंवा बेसच्या डोक्याला लावायचा क्लिपचा ट्यूनर न्या, स्वतःचा. मोकळी तार आधी, बारावा फ्रेट मग, दोन्ही स्वतःच्या हातानं. बाराव्यावर सूर चढत असेल तर सॅडल मागं घ्यायचं, उतरत असेल तर नेककडं. दर वेळी सॅडल हलवल्यावर मोकळी तार परत लावायची.

सेटअपला पैसे देणार असाल तर समोर बसून करून घ्या, आणि क्रम बघा. आधी नेकचा बाक: पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरायचे, मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ मिलीमीटर फट हवी. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरळ आत घालून बघता येतं. मग तारांची उंची, बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिलीमीटरच्या आसपास, जी तारेखाली दोन. इंटोनेशन सगळ्यात शेवटी, कारण उंची बदलली की तेही बदलतं. जो माणूस ट्रस रॉड पिळून इंटोनेशन "बसवतो" त्याच्या हातात बेस देऊ नका. ट्रस रॉड मानेच्या बाकासाठी असतो. आमच्या सेटअपवाल्यानं तारा खाली आणायला तोच आवळला होता, सॅडलच्या उंचीच्या स्क्रूंना हात न लावता. ट्रस रॉडच्या नटची षटकोनी खाच निम्मी झिजलेली मिळाली.

आमचा बेस शेवटी दुरुस्त झाला. जुनी भोकं मोठी करून त्यात सागाच्या खुंट्या चिकटवल्या, ड्रिल मशीनवर नवी भोकं पाडली, ब्रिज मूळ जागी नेला, खालची अर्थिंगची वायर परत ब्रिजच्या पत्र्याला टेकवली. आता सॅडलना दोन्ही बाजूंना जागा आहे आणि बारावा फ्रेट मोकळ्या तारेशी जुळतो. डोक्यावरचं नाव मात्र खोटंच निघालं, नखानं खरवडलं तर वरच्या वर निघालं. अठरा हजारांची वस्तू नाही ती.

पैशाचं काही झालं नाही. फोन लागत नाही, फ्लॅट भाड्याचा होता. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय, सोबत जाहिरातीचा आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट. दुकानातून पावती घेऊन वस्तू घेतली असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. माल न दाखवता ऑनलाईन पैसे उकळले असतील तर लगेच १९३०. खासगी माणसाकडून घरी जाऊन घेतलेल्या जुन्या वस्तूला एवढा सरळ रस्ता नाही, म्हणून निदान जाहिरात विकणाऱ्यानं काढून टाकायच्या आत तिचा फोटो काढून ठेवा.

गेल्या आठवड्यात भाच्यानं सांगलीची एक जाहिरात दाखवली. बेस वेगळा, लाल रंगाचा, नंबर वेगळा, मजकूर ओळखीचा: नोकरीसाठी बाहेर जातोय, तारा जुन्या आहेत, सेटअपसाठी माणूस सुचवू. फोटो मोठा करून बघितला. ब्रिजच्या मागं तेच काळं स्टिकर आहे, आणि किंमत बावीस हजार.