फ्लाय फिशिंगचं रेडीमेड किट: रॉड-रील झकास, पण दोऱ्याने रडवलं

हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे धरायला जायचं ठरलं म्हणून फ्लाय फिशिंगचं किट ऑनलाइन मागवलं. 9 फुटी चार तुकड्यांचा 5 वेटचा रॉड, रील, आणि रीलवर सगळा दोरा आधीच गुंडाळलेला, म्हणजे बॉक्स उघडा आणि थेट नदीवर जा असं वर्णनात लिहिलं होतं. रॉड खरंच चांगला आहे, रीलही मस्त फिरते. खरा विषय दोऱ्याचा आहे आणि नेमकं तिथेच दुर्लक्ष केलंय.

आपल्याकडे कोकणात गरी टाकतो तेव्हा बारीक तंगूसनेही काम होतं कारण पुढे शिसं असतं, ते दोऱ्याला ओढत नेतं. इथे फ्लाय म्हणजे हुकवर बांधलेली पिसं आणि धागा, फुंकर मारली तर उडेल, म्हणून वजन लाइनमध्येच, म्हणजे दोऱ्यातच घातलेलं असतं. 5 वेट म्हणजे लाइनच्या पुढच्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, साधारण 9 ग्रॅम. रॉड त्याच वजनाने वाकणार. माझी लाइन वेट फॉरवर्ड फ्लोटिंग, म्हणजे जाड वजनदार भाग पुढे, बारीक भाग मागे, आणि पाण्यावर तरंगणारी.

पहिल्या दिवशी रॉड वाकेचना. लाइन 15 फुटांवर ढीग होऊन पडायची. दिवसभर वाटलं माझाच हात चुकतोय, खांदा भरून आला. संध्याकाळी होमस्टेच्या अंगणात सगळी लाइन उलगडली, चिमटीत धरून बोटं सरकवत गेलो तर बाहेरचं टोक बारीक आणि आतलं जाड, वर पुढच्या टोकाचा फॅक्टरीचा तयार लूप आत बॅकिंगला, म्हणजे लाइनच्या मागे रीलवर गुंडाळलेल्या साध्या दोऱ्याला बांधलेला! लाइन उलटी भरली होती!! घरी आल्यावर काट्यावर बघितलं, बाहेर होतं त्या बाजूचे 30 फूट जेमतेम 5 ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूचे बरोब्बर 9.

रात्री बॅकिंग सोडवून लाइन फिरवली, नेल नॉट या गाठीने परत बांधली. बॅकिंग 20 पाउंड ताण सोसणारं डेक्रॉन (पॉलिस्टरचा दोरा) आहे, ठीक आहे, तीर्थनचा ट्राउट तिथपर्यंत दोरा पळवेल असं फारसं होत नाही, पण रीलचा गाभा भरलेला राहतो आणि लाइनला घट्ट वेटोळी पडत नाहीत, त्यासाठी ते हवंच.

दुसरी तक्रार टिपेटची, म्हणजे अगदी टोकाला फ्लाय बांधायच्या बारीक दोऱ्याची. लाइनच्या पुढे लीडर नावाचा 9 फुटांचा निमुळता दोरा येतो, बुडाला जाड आणि टोकाला 4एक्स, म्हणजे 0.18 मिलिमीटर. त्याच्यामुळे लाइनचा जोर हळूहळू कमी होत फ्लाय अलगद पाण्यावर बसते. पण फ्लाय बदलली की दरवेळी तीन-चार इंच कापले जातात, दुपारपर्यंत लीडर जाड भागावर येतो आणि स्वच्छ पाण्यात माशाला तो दिसतो. म्हणून पुढे दोन फूट टिपेट जोडायचं, सर्जन्स नॉट ही गाठ मारून, आणि ती ओढायच्या आधी दोरा थुंकीने ओला करायचा नाहीतर घर्षणाने दोरा कमजोर होतो. किटमध्ये टिपेटचं एकही रीळ नाही! नशीब मित्राकडे 4एक्सहून बारीक 5एक्स होतं.

लाइन सरळ केल्यावर दुसऱ्या सकाळी तोच रॉड, तोच हात, आणि लाइन 40 फुटांवर सुळ्ळकन गेली. दोन ब्राउन ट्राउट लागले, दोन्ही लहान, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं, बघतच राहिलो आणि सोडून दिले. ब्रिटिशांनी 1909 मध्ये कुलूत आणलेला मासा, अजून त्या थंड पाण्यात टिकून आहे याचं फार बरं वाटतं. परमिट काढूनच जा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारीला बंदी असते.

रॉड-रीलला 4 स्टार, दोऱ्याला 2. विकणाऱ्याला फोटो पाठवलेत, उत्तर नाही. किट घेतलंच तर निघायच्या आधी घरीच लाइन चिमटीतून सरकवून बघा, बाहेरच्या टोकापासून काही फुटांवर ती जाड व्हायला लागली पाहिजे, आणि 5एक्स टिपेट वेगळं मागवा.