अमृतसरचं फाळणी संग्रहालय : आठवी-नववीचा वर्ग नेणार असाल तर

अमृतसरच्या शालेय सहलीत सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि अटारी-वाघा सीमेवरचा संध्याकाळचा ध्वज उतरवण्याचा सोहळा हे ठरलेलंच असतं. फाळणी संग्रहालय मधल्या चाळीस मिनिटांत कोंबलं जातं आणि तिथेच सगळं बिघडतं. संग्रहालयाची इमारत, म्हणजे जुना टाऊन हॉल, मंदिर आणि बाग दोन्हींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यामुळे 'जाता जाता बघून घेऊ' असं वाटतं. पण अटारी साधारण 30 किलोमीटरवर; बसायला जागा हवी तर बस दुपारीच काढावी लागते. म्हणून संग्रहालय सकाळी पहिलं घ्या, मुलं ताजी असताना, निदान दोन तास हाताशी ठेवून. सोमवारी ते बंद असतं.

ऑगस्ट 2017 मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय सामान्य माणसांच्या आठवणींवर उभं आहे. निर्वासितांच्या घरांतून आलेल्या वस्तू, पत्रं, कागद आणि ध्वनिचित्रमुद्रित मुलाखती हा त्याचा गाभा. दालनं काळानुसार लावलेली आहेत : 'अमृतसरच का?' इथून सुरुवात, मग स्वातंत्र्यलढा, सीमा, स्थलांतर, आसरा आणि शेवटी आशा. स्वातंत्र्यलढ्याची दालनं नीट केलेली आहेत, पण त्यातलं बरंचसं मुलांनी पुस्तकात वाचलेलं असतं. तिथे वेळ घालवू नका. तो भाग निघण्याआधी वर्गात एका तासात उरका आणि नकाशावर एवढं पक्कं करून घ्या : ब्रिटिश वकील सिरिल रॅडक्लिफ 8 जुलै 1947 ला भारतात आले, पंजाब आणि बंगालच्या सीमा आखायला त्यांना पाचच आठवडे मिळाले आणि रेषा जाहीर झाली 17 ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. हे माहीत नसेल तर 'लोक आधीच का नाही निघाले?' या प्रश्नावर मुलं अडकतात आणि निर्वासितांनाच दोष देऊन मोकळी होतात.

खरी शिकवणी वस्तूंपाशी आहे. इथलं फुलकारीचं, म्हणजे पंजाबी भरतकामाचं, जाकीट आणि चामड्याची बॅग पाहाच. जाकीट एका तरुणीचं, गुजरांवाल्याहून आणलेलं. बॅग मियांवालीच्या तरुणाची, आत शिक्षणाचे दाखले आणि मालमत्तेचे कागद. दोघांचं लग्न फाळणीआधीच ठरलेलं होतं. दोन्ही घरं वेगवेगळ्या वाटांनी पळाली, त्याचे तीन भाऊ मारले गेले, आणि अमृतसरच्या निर्वासित छावणीत जेवणाच्या रांगेत दोघं पुन्हा समोरासमोर आली. मार्च 1948 मध्ये साधेपणाने लग्न झालं.

मुलांना ही गोष्ट लगेच सांगू नका. आधी पाच मिनिटं गप्प उभं करा आणि वहीत तीन उत्तरं लिहायला लावा : वस्तू कशाची आहे, ती उचलायला किती वेळ लागला असेल, आणि ती घेताना घरात काय राहिलं असेल. मग गोष्ट सांगा. दाखल्यांचा मुद्दा बहुतेक वर्गांच्या नजरेतून निसटतो. दाखला हाती असला तर नव्या गावात नोकरीसाठी उभं राहता येतं, मालमत्तेचा कागद असला तर भरपाई मागता येते. ज्यांच्याकडे कागदच नव्हते त्यांचं काय झालं असेल, हा पुढचा प्रश्न मुलं मग आपणहून विचारतात.

'तुम्ही काय घेऊन पळाला असता?' हा खेळ मात्र टाळा. मोबाइल, चार्जर, चॉकलेट अशी यादी निघते, वर्ग हसतो आणि समोरच्या माणसाची गोष्ट हातातून जाते.

इथे एक विहीरही उभारलेली आहे. अब्रू वाचवण्यासाठी बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या, त्याची ती आठवण. आठवीच्या खालचा वर्ग इथे आणू नये, आणि आठवीलाही आदल्या दिवशी साध्या शब्दांत कल्पना द्यावी. अचानक समोर आलं की काही मुलं गप्प होतात, काही खिदळतात. दोन्ही घाबरल्याचीच लक्षणं असतात. त्या खिदळण्यावर ओरडू नका.

मुलाखती पाहताना एकच ध्यानपूर्वक, पूर्ण पाहा. एक गणित प्रत्येकाकडून करून घ्या : 1947 मध्ये हा माणूस किती वर्षांचा होता? सहा वर्षांच्या मुलाला गाडीतली तहान आठवते, करार आठवत नाही. तारखा चुकतात, इतरांकडून ऐकलेलं स्वतःचं होऊन बसतं. म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. ती कशाची साक्ष आहे, हे मुलांना कळायला हवं. शेवटच्या दालनात आशेचं झाड आहे, हिरव्या कागदी पानावर संदेश लिहून टांगायचा असतो. तिथली दहा मिनिटं कापू नका.

उणीव सांगायची तर संग्रहालयाचा मुख्य भर पंजाबवर आहे. जागा पाहता ते रास्तच, पण महाराष्ट्रातल्या वर्गासाठी सिंधची बाजू शिक्षकानेच जोडायला हवी. कराचीहून जहाजाने मुंबईला आलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्याच वस्तीचं उल्हासनगर झालं. परतल्यावर स्थलांतरित आजी-आजोबांची मुलाखत घ्यायला लावा. फाळणीचीच हवी असं नाही, कोयनेच्या धरणग्रस्तांचीही चालेल. दोन मुलं, एक मोबाइल, जास्तीत जास्त 45 मिनिटं. पंखा बंद, नाहीतर आवाज ऐकूच येत नाही. सुरुवात 'तुमचं घर कसं होतं, दार कुठे उघडायचं?' अशा प्रश्नाने करा, 'दुःख किती झालं?' असं कधीच विचारू नका. परवानगी आधी घ्या, आणि मुलाखत वर्गात ऐकवायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. वर्गातच एखाद्या विस्थापित घरातलं मूल असेल तर त्याला सगळ्यांसमोर बोलायला उभं करू नका. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या घरी आठवड्याच्या आत पोहोचवा.