19 लाखाचे बूट: होई आनला मापाने करून घेतलेला जोड

आधी माझ्या पायाबद्दल सांगावं लागेल, नाहीतर एवढे पैसे घालून परदेशात बूट कशाला करून घेतले असं जो तो विचारतो. लहानपणी मळ्यात कापसाच्या बैलगाडीचं चाक उजव्या पायावरून गेलं, हाड जुळलं पण चवड्याशी पाय पसरट झाला तो झालाच, आणि दहावीपर्यंत आम्ही एकतर अनवाणी नाहीतर टायरच्या चपलेत, त्यामुळे डावाही काही नाजूक नाहीये. दुकानात 8 नंबर घेतला तर करंगळी कोंबली जाते, 9 घेतला तर चालताना टाच वर येते. जळगावला बघून झालं, नाशिकला झालं, पुण्यात लक्ष्मी रोडलाही झालं, सगळीकडे एकच उत्तर, 'वापरून सैल होतील सर'. माझ्या करंगळीवरचं कुरूप म्हणजे त्या वाक्याची कमाई आहे.

तर फेब्रुवारीत आमचा अमळनेर-धुळे-चोपडा असा 24 जणांचा ग्रुप व्हिएतनामला गेला आणि त्यात होई आनला दोन रात्री होत्या. दा नांगच्या विमानतळापासून साधारण 30 किलोमीटरवर थू बोन नदीकाठचं हे जुनं बंदर. पिवळ्या भिंतींची घरं, सगळीकडे कंदील, जुन्या भागात ठरावीक वेळेत मोटारगाड्या बंद म्हणून पायीच फिरायचं. 1999 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिथला जपानी पूल त्यांच्या 20 हजाराच्या नोटेवर छापलाय. पण खरं वेड तिथे शिवणकामाचं. दर चार घरांमागे एक टेलर, त्याच्या शेजारी चामड्याच्या बॅगा-बुटांचं दुकान, आणि सगळ्यांची एकच पाटी की 24 तासांत तयार. आमच्या ग्रुपमधल्या सहा जणांनी पहिल्याच संध्याकाळी सूटची मापं दिली, लग्नसराई जवळ होती ना. मी म्हटलं सूट आपल्याकडे धुळ्यालाही शिवतात, आपण पायाचं बघू.

पहिल्या दोन दुकानांत लायटरचा खेळ झाला. चामड्याचा तुकडा घेतात, खाली लायटर धरतात, जळत नाही बघा म्हणजे अस्सल. आपण माना डोलावतो. पण अस्सल चामड्यातही वरचा थर वेगळा आणि खालचा चिरून काढलेला थर वेगळा, खालच्यावर रंगाचा लेप चढवला की तोही चकचकीत दिसतो आणि लायटरला तोही टिकतो, मग त्या खेळाने काय कळलं? त्यापेक्षा तुकड्याची कापलेली कड बघा, तंतू दिसतात का, आणि बोटाने दाबून बघा बारीक सुरकुत्या पडतात की प्लास्टिकसारखी एकच मोठी घडी पडते. वासावर जाऊ नका, चिकटवायच्या सोल्युशनचा वास सगळं झाकून टाकतो.

तिसऱ्या दुकानात एक विशी-बाविशीची मुलगी होती, तिने आधी मोजे काढायला लावले. तिथेच मी ठरवलं की इथेच करायचं. कारण आधीच्या दोघांनी मोज्यावरून, तेही बसल्या जागी आणि फक्त डाव्या पायाचं माप घेतलं होतं. हिने कागदावर उभं केलं, दोन्ही पायांची पेन्सिलीने आखणी केली, मग टेपने चवडा, पायाची पाठ, टाचेपासून वर घोट्यापर्यंतचा वळसा असं सगळं घेतलं आणि उजव्याच्या आखणीवर करंगळीशी लाल पेनाने गोल केला. वेळ संध्याकाळी सहाची, ती पण बरोबर होती, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी माप दिलं तर संध्याकाळी बूट चावणारच. (घरच्यांना वाटत होतं मी लाजतोय. लाजत नव्हतो, मोज्याला भोक होतं.)

मी तपकिरी ऑक्सफर्ड, म्हणजे नाडीचा फॉर्मल बूट, सांगितला. तिने 21 लाख म्हटलं. तिथलं चलन डोंग, रुपयाला साधारण 300 डोंग धरा, पण पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतोच, आमच्याकडे 19-20 लाखात प्लॉटचा व्यवहार होतो भो. घासाघीस करून 19 लाखावर आलं, म्हणजे सव्वासहा हजार रुपये, अर्धे आधी अर्धे नंतर, कार्डाला 3 टक्के जास्त म्हणून रोखच दिले. सौभाग्यवतींनी शेजारच्या रॅकवरचं तयार सँडल उचललं, ना माप ना चर्चा, 6 लाख डोंग, विषय संपला.

आता 'मापाचे बूट' म्हणजे काय हे मला तिथे गेल्यावर कळलं. लंडनला जॉन लॉबसारखी 1866 पासूनची दुकानं आहेत, तिथे तुमच्या पायाचा स्वतंत्र लाकडी फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, कोरतात, त्यावर बूट बांधतात, काम महिनोन् महिने चालतं आणि हजारो पौंड मोजावे लागतात. होई आनला 24 तासांत आणि सहा हजारात असलं काही होत नाही, होणारही नाही. इथे तुमच्या मापाच्या सगळ्यात जवळचा तयार फर्मा घेतात, जिथे पाय जास्त आहे तिथे फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून फुगवतात आणि त्यावर बूट ओढतात. दुकानात काम होतच नाही, माप घेऊन एक पोरगा स्कूटरवर कारखान्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन येतो. यात फसवणूक नाही, पण आपल्या डोक्यात असतं की कुणीतरी कारागीर आतल्या खोलीत आपल्या पायावर मान मोडून बसलाय, तसं नाहीये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला फिटिंग. डावा घातला आणि खरं सांगतो, बूट घातलाय असं 46 वर्षांत पहिल्यांदाच वाटलं नाही. टाच धरलेली, बोटं मोकळी. उजवा मात्र त्याच जागी, लाल गोलाच्या जागीच, लागत होता. मुलीने चंदेरी पेनाने खूण केली, पोरगा परत स्कूटरवर गेला, साडेआठला बूट आला, करंगळीशी आता व्यवस्थित जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमची बस होती. म्हणजे बघा, माप पहिल्या संध्याकाळी दिलं म्हणून ही दुरुस्ती झाली, ज्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी ऑर्डर दिली त्यांनी बसमध्ये बसता बसता पिशव्या घेतल्या आणि आमच्या एका भाऊंच्या कोटाची बाही मनगटाच्या चार बोटं वर निघाली. दोनच रात्री असतील तर बॅगा हॉटेलवर टाकून आधी माप द्यायला जा, कंदील कुठे पळत नाहीत. तीन रात्री असतील तर उत्तमच.

निघताना मी विचारलं होतं, सोल शिवलेला आहे ना? तिने बूट उलटा करून कडेने फिरलेला पांढरा टाका दाखवला. दिसायला सुरेख. मी खूश.

मार्च-एप्रिल कॉलेजात आठवड्यातून दोनदा घातले, सगळ्यांनी विचारलं कितलाले लिन्हा भो (केवढ्याला घेतले), मीही 19 लाख सांगून मजा घेतली. मग मे महिन्यात धुळ्याला पुतण्याचं लग्न, दुपारची वरात, खान्देशातला मे म्हणजे काय ते सांगायला नको, पारा 44 च्या पुढे, डांबर पायाखाली मऊ लागत होतं. दीड तास नाचणाऱ्यांच्या मागे उभा राहिलो आणि मांडवाच्या दारात उजव्या बुटाने जबडा उघडला. पुढून सोल सुटला तो थेट चवड्यापर्यंत. फोटोत मी सगळीकडे डावा पाय पुढे करून उभा आहे.

आमच्या इथे स्टेशनजवळ बूट दुरुस्तीवाले आबा बसतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी बूट हातात घेऊन वाकवला, वास घेतला, मग आरीचं टोक त्या सुंदर पांढऱ्या टाक्यात घातलं आणि हसले. म्हणाले, 'हाऊ टाका नुसता दखाडाना शे.' म्हणजे नुसता दाखवायचा, टाका सोलच्या कडेच्या पट्टीतच फिरलेला, खाली उतरलेलाच नाही, बूट सगळा सोल्युशनवर. सुकतळा, म्हणजे बुटात पाय टेकतो तो आतला थर, उचलला तर आत पुठ्ठा. मी जरा पडलेल्या चेहऱ्याने बघत होतो तर त्यांनीच वरचं चामडं अंगठ्याने दाबलं आणि म्हणाले, 'चामडं मात्र चोख शे.' आणि करंगळीची जागा? ती फर्मा बदलून केलेली नव्हतीच, यंत्राने ताणलेली होती, तीन तासांत दुसरं काय करणार म्हणा. ताणलेलं चामडं थोडं परत येतं, एप्रिलपासून मला तिथे जाणवत होतंच, मी उगाच पायाला दोष देत होतो.

घरी येऊन मग मी वाचत बसलो. बुटाचा तळ जोडायच्या मुख्य तीन पद्धती. नुसतं चिकटवणं, हे स्वस्त आणि लवकर होतं पण उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. दुसरी ब्लेक, म्हणजे आतून सुकतळ्यातून थेट सोलपर्यंत टाका. तिसरी गुडइयर वेल्ट, यात वरच्या चामड्याला आणि सुकतळ्याला कडेने एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात, त्यामुळे सोल झिजला की तेवढाच उसवून नवा बसवता येतो, वरचा बूट तसाच. तेव्हा 'शिवलाय का' असं विचारून उपयोग नाही, कुणीही हो म्हणेल. सुकतळा उचलून आत टाके दाखवा म्हणायचं. वेल्टचे टाके आतून दिसत नाहीत हे खरं, पण मग कडेची पट्टी वेगळी जोडलेली आहे का ते नखाने तपासता येतं, आणि पुठ्ठा असेल तर तो लगेच दिसतोच. जास्तीचे चार-पाच लाख डोंग, म्हणजे दीड हजार रुपये, देऊन शिवलेला सोल आणि चामड्याचा सुकतळा मिळत असेल तर देऊन टाका, त्यावर घासाघीस नको.

अजून एक, तिथे मगरीच्या चामड्याचे बेल्ट-पाकिटं भरपूर मिळतात आणि मोह होतो. मगरीची कातडी आंतरराष्ट्रीय कराराखाली येते, कागदपत्रं लागतात, विमानतळावर बेल्ट सोडून यायचं नसेल तर हात लावू नका.

आबांनी पुठ्ठा काढून चामड्याचा सुकतळा घातला, रबरी सोल लावून कडेने खराखुरा टाका मारला आणि उजवा बूट चार दिवस लाकडी ठोकळ्यावर चढवून ठेवला. 350 रुपये. आता पाऊस संपला तरी सगळं जागच्या जागी आहे. त्यामुळे होई आनच्या त्या दुकानाला मार्क द्यायचे तर माप घेण्याला 10 पैकी 9, चामड्याला 8, तळाला 3, आणि तो टाका दाखवण्याला शून्य. सौभाग्यवतींच्या 6 लाखाच्या सँडलला अजून काहीही झालेलं नाही, ही माहिती मला आठवड्यातून एकदा मिळते.

तरी मी तिथूनच दुसरा जोड करून घेणार आहे, काळा, कारण तसा डावा पाय मला आजवर कुठेच मिळाला नाही. चोपड्याचा मित्र पुढच्या फेब्रुवारीत जातोय, तिकडे तेव्हा पावसाळा संपलेला असतो. त्याच्याकडे मी दोन्ही पायांची आखणी देशोन्नतीच्या पानावर काढून दिलीय, उजव्यावर लाल गोल, खाली मोठ्या अक्षरात 'ताणायचा नाही, फर्म्यावरच वाढवायचा, आत पुठ्ठा नको'. त्याने घडी उलगडून बघितली आणि म्हणाला, 'तुना पाय मी कसाले लई जाऊ भो?'